पहिलाच प्रोजेक्ट हाती घेताय? गाळाच्या ट्रॉल्यांवरून समजून घेऊ

पहिल्या वर्षी आमच्या पाझर तलावातला गाळ अर्धाच निघाला. पोकलेन होतं, लोकवर्गणी जमली होती, माणसं तयार होती. तरी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वादळी पाऊस आला आणि तलावाच्या मधोमध निम्मा खणलेला खड्डा पाण्याखाली गेला. दुसऱ्या वर्षी तेच पोकलेन, तीच माणसं, आणि काम 11 दिवसांत पूर्ण. मधल्या काळात नवीन काही आलं असेल तर ती एक दोनशे पानी वही, आणि तिचीही पहिली चौदा पानंच भरली होती. त्या पानांत काय होतं ते इथे सांगतो. तुम्ही गावात अभ्यासिका उभी करत असाल, शाळेची भिंत बांधत असाल किंवा कंपनीत पहिल्यांदाच एखादं काम तुमच्या नावावर आलं असेल, तरी ही पानं याच क्रमाने भरायला घ्या.

आधी एक फरक लक्षात घ्या. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटावर फड (एकत्र भिजणाऱ्या शेतांचे पट्टे), आणि पाण्याची वाटणी शेतकरी स्वतः करतात. कित्येक पिढ्या हे चालत आलं आहे. त्यातला बंधारा बांधणं हा प्रोजेक्ट होता: सुरुवात होती, शेवट होता. पाण्याची पाळी लावत राहणं हा कारभार, त्याला शेवट नाही. नवी माणसं बऱ्याचदा कारभारालाच प्रोजेक्ट समजतात. "गावात जलसंधारण करायचं" हा प्रोजेक्ट होत नाही. "या तलावातला एवढा गाळ या तारखेपर्यंत काढायचा" हा होतो.

पायरी 1: काम झालं, असं कधी म्हणायचं?

वहीचं पहिलं पान याच प्रश्नाचं, आणि उत्तरात आकडा हवाच. पहिल्या वर्षी आम्ही "तलाव खोल करायचा" एवढंच ठरवलं होतं. कोणाच्या मनात हातभर खोली होती, कोणाच्या मनात पुरुषभर.

दुसऱ्या वर्षी टेप घेऊन मोजलं. सगळ्यात जास्त गाळ साचलेला पट्टा 100 मीटर लांब, 20 मीटर रुंद. त्यातून 1 मीटर गाळ काढायचा. म्हणजे 2000 घनमीटर, म्हणजे 20 लाख लिटर पाण्याची जागा. बैठकीत घनमीटर कोणाला भावला नाही. "10 हजार लिटरचे 200 टँकर" म्हटल्यावर सगळे सरळ बसले. तुमच्या कामाचा आकडाही अशाच मापात सांगा, जे समोरच्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्याच पानावर खाली लिहा: यात काय *नाही*. आमच्या पानावर तीन ओळी होत्या. भिंतीच्या पायथ्याशी खणायचं नाही (किती अंतर सोडायचं ते अभियंत्याने आखून दिलं). वाळू लागली तर उचलायची नाही. तलावाबाहेरचं कुठलंही काम या पैशात करायचं नाही. तिसऱ्या ओळीने आम्हाला सगळ्यात जास्त वाचवलं, त्याबद्दल पुढे सांगतो.

पायरी 2: ज्यांच्या वाटेतून जायचं, त्यांच्याकडे आधी जा

पहिल्या वर्षीचं खरं कारण इथे आहे. ट्रॉल्या जायची वाट एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बांधावरून होती. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. त्यांच्या शेतात उन्हाळी बाजरी उभी होती. आम्ही पोकलेन आणलं, नारळ फोडला, आणि पहिली ट्रॉली वळली तेव्हा आबा बांधावर येऊन उभे राहिले. बोलले एवढंच: "मला कोणी विचारलंच नाही." ते बरोबर होते. बाजरी निघेपर्यंत नऊ दिवस गेले, आणि ते नऊ दिवस पुढे पावसाने वसूल केले.

दुसऱ्या वर्षी जानेवारीतच गावातले दोन वडीलधारे आणि मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. चहा झाला, पीकपाण्याचं बोलणं झालं, मग विषय काढला. आबांनी दोन गोष्टी मागितल्या: काम संपल्यावर वाट सपाट करून द्यायची, आणि गाळाच्या त्यांच्या वाट्याच्या ट्रॉल्या पहिल्या टाकायच्या. दोन्ही आम्ही वहीत त्यांच्यासमोर लिहिलं. त्या हंगामात त्यांनी वाटेच्या कडेला बाजरी पेरलीच नाही.

वहीत एक पान करा: या कामाने कोणाचा फायदा, कोणाला त्रास, कोण अडवू शकतं, कोणाची सही लागते. प्रत्येक नावापुढे कोण भेटणार आणि कधी, ते लिहा. त्रास होणाऱ्याला सगळ्यात आधी भेटायचं. फायदा होणारे आपणहून येतात.

फायदा होणाऱ्यांतही तंटा असतो, हे आम्हाला हिशेब केल्यावर कळलं. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि आमच्याकडची ट्रॉली साधारण एक ब्रासची. 2000 घनमीटर म्हणजे जागेवर 706 ब्रास. पण खणलेली माती फुगते. सव्वापट धरली तर 883 ट्रॉल्या. ऐकायला आकडा मोठा वाटतो. शेतात तीन इंचांचा थर द्यायचा तर एकराला 109 ट्रॉल्या लागतात. म्हणजे सगळा गाळ मिळून जेमतेम आठ एकर! आणि गाळ मागायला 29 जण. हे काम सुरू झाल्यावर कळलं असतं तर ट्रॅक्टर आडवे लागले असते. आधी कळलं म्हणून पारावर बसून ठरलं: प्रत्येकाला 30 ट्रॉल्या, कोणाची जमीन किती हे बघायचं नाही, आणि वाहतुकीचं डिझेल ज्याचं त्याने घालायचं. उरलेल्या 13 ट्रॉल्या शाळेच्या मैदानाला.

पायरी 3: तारीख शेवटाकडून मोजा

आमच्या एका आजोबांचं अहिराणीत एक वाक्य असायचं: "पानी कोनी वाट दखत नही." पाऊस कोणाची वाट बघत नाही. खानदेशात मोसमी पाऊस जूनच्या मध्याच्या आसपास लागतो, पण वादळी सरी मेमध्येच येऊन जातात. केळीवाल्यांना त्या चांगल्याच माहीत आहेत. एक जोरदार सर आली की गाळाचा चिखल होतो आणि ट्रॉली आत उतरत नाही. दुसऱ्या बाजूने, तलावाचा तळ मार्च संपेपर्यंत ओला असतो, तेव्हा मशीन रुततं. म्हणजे हाताशी एप्रिल आणि मे, एवढंच.

त्या दोन महिन्यांतही सगळे दिवस आपले नाहीत. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ड्रायव्हर येणार नाही. सालदारांचं (वर्षाच्या बोलीवरच्या गड्यांचं) साल तेव्हाच संपतं आणि नवं ठरतं, लेकी माहेरी आलेल्या असतात, गावात कोणी कामाच्या मनःस्थितीत नसतं. लग्नाच्या दाट तिथी असतात. ज्यांच्याकडे ठिबक आहे ते मेच्या शेवटी कपाशी लावतात, तेव्हा ट्रॅक्टर रानात जातो. हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खोडलं, तेव्हा उरलेले दिवस पाहून बैठक गप्प झाली होती.

मग उलटं मोजत गेलो. 25 मेला काम संपलंच पाहिजे. म्हणून अखाजीनंतर दोन दिवसांत खणणं सुरू. त्याआधी आठवडाभर वाटेची डागडुजी. त्याआधी मशीनची तारीख पक्की. त्याआधी लेखी परवानगी. परवानगीला आम्हाला पाच आठवडे लागले होते, म्हणून अर्ज फेब्रुवारीत. तलाव कोणत्या खात्याचा आहे ते ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्या, आणि तोंडी "करा हो" वर कधीही मशीन उतरवू नका. राज्यात 2017 मध्ये सुरू झालेली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे; तिच्या त्या वर्षीच्या अटी तालुक्याला जाऊन वाचून या.

कामं एकमेकांवर कशी अवलंबून आहेत हे बघणं म्हणजे नियोजनाचा गाभा. परवानगीशिवाय मशीन नाही, वाटेशिवाय ट्रॉली नाही. पण शेतकऱ्यांची यादी आणि वर्गणी ही दोन कामं परवानगीची वाट बघत बसत नाहीत, ती शेजारी शेजारी चालतात. एकापाठोपाठ एक करावीच लागणारी कामं जोडली की जी सगळ्यात लांब साखळी होते, तिच्यात एक दिवस गेला की शेवटची तारीख एक दिवस पुढे जाते. आमची साखळी अर्ज, परवानगी, मशीन, खणणं अशी होती. ही साखळी काढायची रीत 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांतल्या लोकांनी बसवली, रसायनांच्या कारखान्यांसाठी. आज तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. आणि कॅलेंडरवर प्रत्येक कामाची आडवी पट्टी ओढायची पद्धत हेन्री गँट यांच्या नावाने ओळखली जाते, ती त्याहूनही जुनी. आम्ही ती ब्राऊन पेपरवर स्केचपेनने काढली आणि ग्रामपंचायतीत लावली. सॉफ्टवेअर नसलं तर थांबू नका.

पायरी 4: सगळ्यात अरुंद जागा शोधा

नव्या माणसाने या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं.

पोकलेनला एक ट्रॉली भरायला चार मिनिटं लागतात. तासाला 15, आठ तासांत 120. 883 ट्रॉल्यांना सुमारे 59 तास, म्हणजे साडेसात दिवस. आता ट्रॅक्टरचा हिशेब. भरून जाणं, रिकामी करणं, परत येणं, सगळं मिळून 40 मिनिटं. आठ तासांत 12 फेऱ्या. दहा ट्रॅक्टर असले तर 120. जुळलं.

आठच ट्रॅक्टर असते तर दिवसाला 96, आणि पोकलेन तासाच्या भाड्यावर नुसतं उभं राहिलं असतं. चौदा आणले असते तर चार रांगेत उभे. म्हणून दहा. गावात दहा ट्रॅक्टर होते म्हणून हा आकडा आलेला नाही, हिशेबातून आलेला आहे. तुमच्या कामातही एक जागा अशी असते जिथून सगळं जातं: एकच गवंडी, एकच सही करणारे साहेब, एकच माणूस ज्याला संगणक येतो. बाकी सगळ्यांचं नियोजन त्या जागेच्या वेगावर बसवा.

कागदावर साडेसात दिवस आले, आम्ही 12 धरले. माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमीच धरतो. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच याबद्दल लिहून ठेवलं आहे. त्यावरचा उपाय साधा आहे: शेजारच्या गावात असंच काम झालं असेल तर तिथे जाऊन विचारा, प्रत्यक्षात किती दिवस लागले. आम्ही विचारलं. दहा धरले होते, चौदा लागले.

पायरी 5: पैसे

पोकलेन तासाला 12 ते 15 लिटर डिझेल खातं. 59 तासांचं 700 ते 900 लिटर. त्यावर भाडं, मशीन आणायचा-न्यायचा ट्रेलर, ऑपरेटरचं जेवण, वाटेचा मुरूम. प्रत्येक ओळ लिहा आणि बेरजेवर 15 टक्के राखून ठेवा. ती रक्कम कोणत्या ओळीची आहे असं कोणी विचारलं तर सांगा, अजून माहीत नसलेल्या ओळीची.

तीन पानं ठेवा: आलेले, गेलेले, देणं असलेले. तिसरं पान लोक विसरतात आणि तिथेच फसतात. हातात पैसे दिसतात पण ते डिझेलवाल्याचे असतात. पैसे काढायला दोन सह्या. दर आठवड्याला हिशेब फलकावर. आमच्याकडे पहिल्या वर्षी हिशेबात एक रुपयाचा फरक नव्हता, तरी कुजबुज झाली, कारण तो कोणाला दिसलाच नव्हता.

पायरी 6: एका कामापुढे एकच नाव

फडावर पाटकऱ्याने पाणी सोडायचं, जागल्याने पिकाची राखण करायची. पाणी वेळेवर आलं नाही तर कोणाला विचारायचं हे सगळ्या फडाला ठाऊक असतं. तुमच्या यादीतही प्रत्येक कामापुढे एकच नाव हवं. मदतीला दहा असू देत, उत्तर देणारा एक. आमच्याकडे डिझेल एकाकडे, ट्रॉल्या मोजायच्या चिठ्ठ्या एका ताईंकडे (बचत गटातल्या, त्यांच्या हिशेबाला कोणी बोट लावलं नाही), वाट एकाकडे, जेवण एकाकडे. "समिती बघेल" असं लिहिलेली ओळ दिसली की ती खोडून तिथे माणसाचं नाव घाला.

पायरी 7: काय बिघडू शकतं, ते आधीच बोला

गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेली एक पद्धत आम्हाला फार उपयोगी पडली. काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी असं धरायचं की काम फसलेलं आहे, आणि प्रत्येकाने का फसलं ते लिहायचं. आमच्याकडे म्हातारी मंडळी म्हणाली, नारळ फोडायच्या आधी असलं अशुभ कशाला बोलायचं? मग शब्द बदलले: "समजा पाऊस लवकर आला आणि तलाव अर्धाच राहिला, तर कशामुळे राहिला असेल?" मागच्या वर्षीचा अनुभव ताजा होता, चिठ्ठ्या भराभर आल्या.

मशीनचा हायड्रॉलिक पाइप फुटेल. दुपारी 44-45 अंशांत कोणीतरी चक्कर येऊन पडेल. पोरं खड्ड्यात खेळायला जातील. गाळाच्या वाट्यावरून भांडण होईल. ही चौथी चिठ्ठी वाचली तेव्हा यादी आधीच ठरलेली होती, त्यामुळे सगळे हसले. बाकीच्यांना आम्ही एकेक उत्तर लिहिलं. जास्तीचा पाइप कुठे मिळतो, त्या दुकानाचा नंबर. काम पहाटे साडेपाच ते अकरा आणि दुपारी चार ते साडेसहा; मधे मशीन बंद, माणसं सावलीत, ताक आणि पाणी. खड्ड्याभोवती दोरी आणि दिवसभर एक राखणदार. ट्रॉलीवर बसून कोणी यायचं-जायचं नाही, ओळखीचा असला तरी.

पायरी 8: रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं

प्रत्येक भरलेल्या ट्रॉलीला चिठ्ठी, संध्याकाळी चिठ्ठ्यांची मोजणी. वहीत तीनच रकाने: ठरलं किती, झालं किती, फरक का.

पहिल्या दिवशी 120 ठरल्या, 88 झाल्या. लोक म्हणाले, पहिला दिवस आहे. दुसऱ्या दिवशी 84. दोघं-तिघं म्हणाले, आणखी चार ट्रॅक्टर बोलवा. मी तिसऱ्या दिवशी पहाटे घड्याळ घेऊन एका ट्रॅक्टरमागे मोटारसायकलवर गेलो. भरायला चार मिनिटं, बरोबर. शेतात रिकामी करायला सहा, बरोबर. पण नाल्यावर एक अरुंद फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, होती. तिथे भरलेली ट्रॉली आणि रिकामी ट्रॉली समोरासमोर आल्या की एकाला मागे घ्यावं लागे. त्या फरशीवर प्रत्येक फेरीत तेरा-चौदा मिनिटं जात होती. आणखी चार ट्रॅक्टर आणले असते तर तिथली रांग वाढली असती, ट्रॉल्या नाहीत.

परत यायला आम्ही वरच्या अंगाची गाडवाट धरली. थोडा फेर पडतो, पण समोर कोणी येत नाही. त्या दिवशी 96 झाल्या, चौथ्या दिवसापासून 115 च्या आसपास. तिसऱ्या रकान्यात "लोक हळू काम करतात" असं लिहून आम्ही थांबलो असतो तर हे कधीच दिसलं नसतं. फरक दिसला की आधी जागेवर जा, माणसांवर बोलणं नंतर.

पुढे पाइप फुटलाच, दीड दिवस गेला. एक दिवस वळवाच्या सरीत गेला. खणायला प्रत्यक्ष साडेआठ दिवस लागले, हे अडीच धरून काम 11 दिवसांत झालं आणि धरलेल्या बारापैकी एक दिवस शिल्लक राहिला.

पायरी 9: "एवढंच करून टाका ना" याचं उत्तर तयार ठेवा

पोकलेन गावात आलं की प्रत्येकाला आपला बांध आठवतो. "दादा, दहा मिनिटांचं काम आहे." दहा मिनिटांची अशी सहा कामं म्हणजे एक तास, म्हणजे 15 ट्रॉल्या. नाही म्हणायचं जड जातं, कारण मागणारा आपलाच असतो. म्हणून आम्ही वहीत मागे एक पान ठेवलं: तलाव संपल्यावर करायची कामं, ज्याच्या त्याच्या डिझेलवर. कोणी मागितलं की त्याच्यासमोर त्याचं नाव त्या पानावर लिहायचं आणि पहिल्या पानावरची तिसरी ओळ दाखवायची. सातजणांची नावं लागली होती. शेवटच्या दिवशी मशीन मोकळं झाल्यावर पाचजणांनी काम करून घेतलं, दोघांनी सोडून दिलं.

खरोखर गरजेचा बदल असेल तर तो करा, पण तारीख, पैसा आणि नावं यांच्यावर काय परिणाम होतो ते लिहून, बैठकीत विचारून.

पायरी 10: बंद करणं

मशीन गेलं म्हणजे काम संपलं असं नाही. पहिल्या पानावर 1 मीटर लिहिलं होतं, ते पुन्हा टेपने मोजलं. एका कोपऱ्यात 20 सेंटिमीटर कमी भरलं, तसं लिहून ठेवलं. देणी चुकती केली. आबांची वाट मुरूम टाकून सपाट केली, ते स्वतः चालून बघेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. परवानगीची प्रत, हिशेब, चिठ्ठ्यांचा गठ्ठा ग्रामपंचायतीत जमा केला. सगळ्यांना एकत्र बसवून वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत झालं, आणि त्याच पंगतीनंतर, आठवणी ताज्या असताना, वहीच्या चौदाव्या पानावर पुढच्यांसाठी लिहून घेतलं: फरशीवरून एकाच दिशेने वाहतूक. पाइप आधीच आणून ठेवणे. अर्ज जानेवारीतच टाकणे.

तलावात एक लोखंडी खांब रोवून त्यावर दर दहा सेंटिमीटरला पांढरी रेघ मारली आहे. 17 जूनला सकाळी शाळेतली पोरं तिथे उभी राहून पाण्याबाहेर राहिलेल्या रेघा मोजत होती.